दोन ते सहा सासूबाई कुठे असतात?

पत्र:

ताई नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय ३७, आयटीत टेस्ट लीड आहे. लॉकडाऊनपासून घरूनच काम चालूय. ऑफिस ऐरोलीला, मनात आलं तर जाता येतं, पण डोंबिवली-ठाणे गर्दी आणि मग ट्रान्स-हार्बरची लोकल, नको वाटतं. जायचे-यायचे अडीच तास वाचले म्हणून आधी खूश होते, पण आता दिवस संपतच नाही.

पहाटे साडेपाचला उठते, डबे, नाश्ता, साडेनऊला लॉगिन. क्लायंट लंडनचा, त्यामुळे दुपारी दोन ते सहा सलग कॉल. तीनला मुलगा (पाचवीत) शाळेतून येतो, त्याचं खाणंपिणं कॉल म्यूटवर टाकून बघते, बरेचदा मॅगीच. सहाला स्वयंपाक, आठला परत लॉगिन ते अकरा-साडेअकरा. मिस्टर लोअर परळला जातात, साडेआठला येतात, दमलेले असतात, मदत शून्य. घरातलं सामान, बिलं, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या, सगळं माझ्याच डोक्यात. बिल्डिंग जुनी, सासऱ्यांनी घेतलेला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही म्हणून डिलिव्हरीवाले वर यायला कटकट करतात, तेही मीच खाली जाऊन आणायचं.

सासूबाईंचा तसा काही प्रश्न नाही, त्या समजूतदार आहेत, माझे कॉल सुरू झाले की आपल्या खाली जाऊन बसतात. बेडरूममध्ये वायफायची रेंज नाही आणि मागे कपाट दिसतं, म्हणून मी हॉलमध्येच दिवाणाच्या बाजूला टेबल टाकलंय. रात्री सासूबाई आणि मुलगा हॉलमध्ये झोपतात, मग मला लॅपटॉप घेऊन किचनमध्ये ओट्यापाशी बसावं लागतं. प्लॅनर आणला, २५ मिनिटांचा टायमर लावून बघितला, मोबाइलमधून ऑफिसचं ॲप काढलं आणि दोन दिवसांत परत टाकलं. फ्रान्समध्ये म्हणे ऑफिस सुटल्यावर फोन न उचलायचा कायदा आहे, आपल्याकडे का नाही? मला एक व्यवस्थित टाइमटेबल करून द्याल का?

थकलेली, डोंबिवली

उत्तर:

टाइमटेबल राहू दे गं बाजूला. आधी मला सांग, दोन ते सहा तुझ्या सासूबाई नेमक्या कशावर बसतात? बाकडं आहे का खाली? का वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची, मीटरच्या खोलीबाहेर? पंखा आहे तिथे? आणि चार तासांत त्यांना बाथरूमला जायचं झालं तर त्या काय करतात?

तू पत्रात तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्यास आणि तुझ्या लक्षातच आलेलं नाही की त्या एकाच बाईबद्दल आहेत. गुडघ्याच्या गोळ्या, त्या तुझ्या कामांच्या यादीत. लिफ्ट नाही, ती डिलिव्हरीवाल्यांच्या तक्रारीत. आणि "खाली जाऊन बसतात", ते कौतुकात. आता तिन्ही एकत्र वाच. गुडघे गेलेली बाई रोज दुपारी तीन मजले उतरते आणि संध्याकाळी तीन मजले चढते, कारण तिच्या सुनेच्या पाठीमागे कपाट दिसायला नको. मी जास्त कडक बोलतेय असं वाटलं तरी चालेल मला.

बाथरूमला वर येता येत नाही म्हणून त्या दुपारी पाणीच कमी पीत असणार, हे मी पैजेवर सांगते, कारण आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं हे ठरलेलं असतं, बाथरूमची सोय नसली की घोटभर पिऊन दिवस काढायचा. आणि डोंबिवलीचा मे महिना काय असतो ते मी तुला काय सांगणार, त्यात त्या चिकट हवेत दुपारी दोनला सोसायटीच्या खाली कोण कुत्रं फिरकत नाही.

अजून एक. तुझा क्लायंट लंडनचा. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तास आणि थंडीत साडेपाच. तू दोन ते सहा लिहिलंयस, ते उन्हाळ्याचं. नोव्हेंबरात तुझे कॉल तीन ते सात होत असणार. म्हणजे दिवाळीच्या आसपास सासूबाई अंधार पडल्यावर, डास मारत, तास मोजत खाली बसलेल्या असतात, आणि डोंबिवलीच्या जिन्यातल्या दिव्याच्या भरवशावर वर चढतात. ग्रीनविचचं घड्याळ त्यांना कुणी शिकवलं नसेल पण गुडघ्यांना बरोबर कळत असेल.

तू म्हणशील मी त्यांना कधीच जा म्हटलं नाही. नसशीलच म्हटलं. पण २०२० मध्ये कधीतरी कुकरची शिट्टी झाली असेल आणि तू कपाळाला आठी घातली असशील, एकदा सिरीयलचा आवाज मोठा होता म्हणून हात हलवून "श्श" केलं असशील, एकदा त्या बहिणीशी फोनवर जोरात बोलल्या (कानाने कमी ऐकू येतं त्यांचे फोन असेच असतात) आणि तू "आई प्लीज" म्हणालीस. पुरे होतं एवढं. हॉलमध्ये तुझं टेबल, तुझ्या कॅमेऱ्यात दिवाण, आणि तो दिवाण म्हणजे त्यांचा पलंग. वन बीएचकेमध्ये हॉल ही त्यांची खोली आहे गं. त्यांच्या नवऱ्याने घेतलेल्या घरात त्यांची खोली तू ऑफिसला दिलीस आणि भाडंही नाही.

खरं सांगायचं तर मला सासूबाईंचाही थोडा रागच आला. इतकं समजूतदार वागायचं नसतं. एक दिवस दिवाणावर पाय पसरून बसायचं, मोठ्याने खोकायचं, लंडनच्या माणसाला ऐकू जाऊ द्यायचं. तोही माणूसच आहे, त्यालाही आई असेल. पण ती पिढी अशीच, सुनेच्या नोकरीचा पगार घरात येतो म्हणून आपण दिसायचंही नाही असं स्वतःच ठरवून बसतात आणि मग आपण त्याला समजूतदारपणा म्हणून मोकळे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण तुला वाटत असेल मी विषय सोडून सासूबाईंची वकिली करतेय. विषय हाच आहे. तुझा दिवस का संपत नाही? तू घराच्या बरोब्बर मधोमध बसतेस म्हणून. पाणी प्यायला उठलीस तरी लॅपटॉप दिसतो, मुलाला वाढताना टीम्सचं टिंग ऐकू येतं, आठला परत बसतेस कारण तो समोरच उघडा आहे. पूर्वी ऐरोलीहून निघालीस की ऑफिस तिथेच राहायचं. ठाण्याला पूल चढून धीमी लोकल पकडायची, लेडीज डब्यात कुणीतरी मेथी निवडायला घेतलेली असायची, कुणी बॉसला शिव्या घालत असायचं, आणि डोंबिवलीला उतरून भाजी घेईपर्यंत तुझं डोकं घरचं झालेलं असायचं. ते अडीच तास त्रासाचे होतेच, उगाच गोड करून सांगत नाही, फूटबोर्डवर लटकण्यात कसली आलीय मजा. पण ते तास वाचले म्हणतेस ते तुला मिळाले का? आठ ते साडेअकरा किती होतात मोज. कंपनीने व्याजासकट नेले.

आणि तीन वाजताची मॅगी. मुलगा तीनला येतो, त्याची आजी त्याच वेळी खाली बसलेली असते, दप्तर घेऊन तिच्या शेजारून तो वर येतो, आणि वर तू म्यूटवर गॅस पेटवतेस. घरात एक मोठं माणूस होतं दुपारी, ज्यांना बहुतेक नातवाला थालीपीठ लावून द्यायला आवडलं असतं, त्याची शाळेतली भांडणं ऐकायला आवडलं असतं, आणि त्याच माणसाला तू आवाज होतो म्हणून घराबाहेर ठेवलंस आणि मग म्हणतेस सगळं माझ्याच अंगावर पडतं. पडणारच. सासूबाईंना कामाला जुंप असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, गुडघे दुखत असतील त्या दिवशी त्या थालीपीठ लावणार नाहीत आणि मॅगीच होईल, होऊ दे. पण पोराला दार उघडणारं कुणीतरी घरात असेल.

फ्रान्सचा कायदा म्हणालीस. आहे, २०१७ पासून आहे. ऑस्ट्रेलियातही ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत असं विधेयक मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरात परत मांडलं, पण ते खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर एका खासदाराने मांडलेलं, आणि १९७० नंतर आपल्या संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. तेव्हा त्याची वाट बघत बसू नकोस. आणि समज उद्या झाला कायदा, तरी टेबल हॉलमध्येच आहे ना तुझं? सासूबाई खालीच ना?

तर एकच काम करायचं. या रविवारी टेबल बेडरूममध्ये. बास.

रेंज येत नाही हे कारण मला सांगू नकोस, तू आयटीत आहेस, मी नाही. राउटरपासून बेडरूमपर्यंत लॅनची केबल टाकून घे, वन बीएचकेमध्ये पंधरा मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी, काही शेकड्यांत काम होतं, ब्रॉडबँडवाल्या पोराला फोन केला तर तो भिंतीच्या कडेने क्लिपा मारून देतो, वायफायपेक्षा बरीच चालते म्हणतात सगळे. कपाट दिसतं तर बॅकग्राउंड ब्लर करायचं बटण तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. आणि नाही केलं ब्लर तर लंडनला कपाटं नसतात का? पलंग आणि भिंत यांच्यात जागा कमी पडेल, मग टेबल लहान घे, मोठा मॉनिटर विकून टाक किंवा भिंतीला फळी ठोक. गैरसोय तुझी होऊ दे थोडी, पगार तुला मिळतो.

दोन ते सहा बेडरूमचं दार लाव. दाराच्या अलीकडे टीव्ही चालू दे, कुकर होऊ दे, मुलगा ओरडू दे, हेडफोन कशाला घेतलेत.

रात्रीचं काय, हे तू विचारशील. रात्री आता किचनच्या ओट्यापाशी जायचं नाही. त्या ओट्याची उंची उभं राहून पोळ्या लाटायची आहे, तिथे स्टुलावर बसून तू मानेची वाट लावून घेतेयस ते वेगळंच. काम असेल तर बेडरूममध्येच, त्याच टेबलावर. मिस्टर झोपलेले असतील, उजेड त्यांच्या डोळ्यावर पडेल, पडू दे. आत्तापर्यंत तू रात्री साडेअकरापर्यंत कुठे असतेस हे त्यांना झोपेत कळतच नव्हतं. दोन रात्री उजेड पडला की एक तर ते बोलतील किंवा तू बंद करशील, दोन्हीतलं काहीही झालं तरी तुझा फायदाच.

मिस्टरांना मी जास्त काही बोलले नाही म्हणून वाचणाऱ्या निम्म्या बायका मला शिव्या घालतील. घाला. "मदत शून्य" असलेल्या नवऱ्यावर लिहायला मला काय, डोळे मिटून लिहिता येतं. पण आज नाही. फक्त एक विचार त्यांना: तुमची आई रोज दुपारी कुठे असते, माहितीये का? साडेआठला घरी येणाऱ्या माणसाला बहुतेक माहीतच नसेल, आणि माहीत असून गप्प असतील तर मग मात्र त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिही, त्याला मी सवडीने उत्तर देईन.

सासूबाईंना काय सांगायचं याची फार तयारी करू नकोस. माफी मागायला बसलीस तर त्याच तुला समजावत बसतील आणि परत त्यांचंच काम वाढेल. "आई, माझं टेबल आत नेलंय, तुम्ही इथेच बसा, टीव्ही लावा" एवढंच. त्या म्हणतील नको गं, मला खाली बरं वाटतं, बायका भेटतात. भेटत असतीलही. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन उतरल्यावर भेटतात बायका, तेव्हा जाऊ दे खुशाल. भर दुपारी दोनला निघाल्या तर मात्र चप्पल घालायच्या आत थांबव, आणि हे एका दिवसात होणार नाही, इतक्या वर्षांची सवय आहे, आठवडाभर तुला रोज कॉलच्या पाच मिनिटं आधी उठून बाहेर यावं लागेल. ये.

प्लॅनर देऊन टाक कुणाला तरी. आणि ऐरोलीचा पर्याय तू पत्रात एका ओळीत उडवून लावलास, त्यावर मी अजून बोललेली नाही, पण आधी केबल. केबल लागली की कळव, मग आठच्या लॉगिनचं बघू.