हलकी रेड वाइन आणि आपले जेवण

प्रश्न : नाशिकला राहत असल्यामुळे घरी पाहुण्यांसाठी रेड वाइन आणली जाते, परंतु आमच्या मसालेदार जेवणाबरोबर ती फार तुरट लागते. हलकी रेड वाइन घेतल्यास फरक पडेल का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : निश्चित पडेल. तुरटपणा येतो तो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे. आपल्याकडे मुबलक मिळणाऱ्या शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं या वाइन त्या बाबतीत भारदस्त असतात, तर फ्रान्समधल्या बर्गंडी भागातली पिनो न्वार किंवा बोजोले भागातली गामे या द्राक्षांपासून होणारी वाइन रंगाने फिकट, चेरी-रासबेरीच्या वासाची, किंचित आंबटसर आणि कमी तुरट असते. तिखटाची आग टॅनिन आणि अल्कोहोल या दोहोंमुळे वाढते, म्हणून ही सौम्य वाइन आपल्या जेवणाला अधिक मानवते; मात्र झणझणीत मिसळीबरोबर कोणतीच रेड वाइन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेताच्या तिखटाचे भाजलेले चिकन, मशरूमची भाजी, दाण्याच्या कुटातली भरली वांगी यांच्याशी तिची उत्तम संगत जमते. एरवी रेड वाइनबरोबर मासे टाळले जातात, पण सुरमईसारखा भरीव मासा हिच्याबरोबर अवश्य खावा.

तापमानाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. ही वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअसला खुलते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बाटली कपाटातून थेट टेबलावर आणल्यास केवळ अल्कोहोलचा उग्रपणा जाणवतो, तेव्हा ती आधी दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवावी.