फ्लूचा विषाणू केंद्रकात कशाला शिरतो?

प्रश्न : आरएनए असलेले बहुतेक विषाणू पेशीद्रवातच आपल्या प्रती काढतात, कोरोनाही तसाच, असं वाचलं. मग इन्फ्लुएन्झा केंद्रकापर्यंत का जातो? आणि ऑसेलटॅमिव्हिर या फ्लूच्या औषधाने हे प्रती काढणं थांबतं का?

उत्तर : चोरी करायला जातो. पेशीच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक ‘टोपी’ असते; ती नसली की रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, सहसा त्या संदेशाकडे बघतही नाही. कोरोना विषाणू टोपी स्वतःच्या एन्झाइमांनी बनवतो. इन्फ्लुएन्झाकडे ती सोय नाही. ताज्या टोप्या मिळतात त्या केंद्रकात, पेशीचे नवे आरएनए तयार होतात तिथेच.

विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, तीन प्रथिनांचं असतं. पीबी२ टोपी धरून ठेवतं, पीए तिच्यापुढे साधारण १० ते १३ न्यूक्लिओटाइडवर (आरएनएच्या साखळीतले दुवे) कात्री चालवतं आणि कापलेल्या तुकड्याला जोडून पीबी१ विषाणूचा संदेश लिहीत जातं. साच्याच्या, म्हणजे ज्यावरून नक्कल होते त्या विषाणूच्या आरएनएच्या, शेवटाजवळ पाच ते सात ‘यू’ (आरएनएचं एक अक्षर, त्याची जोडी ‘ए’शी) सलग येतात. तिथे पॉलिमरेज अडखळतं, त्याच ‘यूं’वरून पुन्हापुन्हा फिरतं आणि ‘ए’ची लांब शेपटी तयार होते. अवघ्या साडेतेरा हजार न्यूक्लिओटाइडांच्या संसारात शेपटीसाठी वेगळं एन्झाइम परवडणार कुठून!

पण असा संदेश पुढच्या पिढीला देऊन उपयोग नाही. त्याचं डोकं परकं असतं आणि साच्याचं शेवटचं टोक त्यात उतरलेलंच नसतं. म्हणून विषाणूच्या आरएनएच्या आठही तुकड्यांची टोकापासून टोकापर्यंत धन प्रत (साच्याची पूरक नक्कल) काढावी लागते आणि तिच्यावरून पुन्हा ऋण प्रत (मूळ साच्यासारखी). इथे चोरीचा तुकडा लागत नाही. लागतात ती नव्याने बनलेली पॉलिमरेज व एनपी (विषाणूच्या आरएनएला वेढणारं) प्रथिनं आणि पेशीचं एएनपी३२ए नावाचं प्रथिन. पक्ष्यांमधलं एएनपी३२ए माणसाच्यापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब असतं. त्यामुळे पक्ष्यांच्या फ्लूचं पॉलिमरेज आपल्या पेशीत अडतं. पीबी२मध्ये ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसिन आलं, की ही अडचण बरीचशी सुटते. या बदलावर शास्त्रज्ञांची नजर असते ती त्यामुळेच.

ऑसेलटॅमिव्हिरचा या सगळ्याशी संबंध नाही. ते न्युरामिनिडेज हे विषाणूचं एन्झाइम रोखतं, म्हणजे तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटत नाहीत. पीएची कात्री अडवतं ते बॅलॉक्सॅव्हिर; जपान आणि अमेरिकेत त्याला २०१८मध्ये मान्यता मिळाली. पीएच्या ३८व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन आलं, तर मात्र विषाणू त्याला फारसा जुमानत नाही. दोन्ही औषधं लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात.