कुजबुजता आवाज, मोजकी वाद्यं

प्रश्न : घरीच गाणी करते. अगदी हळू गायलं की आवाजापेक्षा खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघरच जास्त येते. गेन (माइकचा आवाज वाढवणारी कळ) वाढवला तरी तेच.

उत्तर : तेच होणार. गेन आवाजाबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. माइकच जवळ आणा. 30 सेंटिमीटरवरून 15 वर आलात की गळ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा झोत अडवणारी जाळी) हवाच. शिवाय माइक ओठांच्या थेट समोर न धरता जरा तिरका ठेवा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला धप्पकन हवा आदळते. जाड रजई टांगायची ती तुमच्या पाठीमागे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं पकडणाऱ्या) माइकला स्वतःच्या मागचं फारसं ऐकू येत नाही, पण तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो नेमका पकडतो. पंखा अर्थातच बंद.

इतक्या जवळून खर्ज फुगतो. तो सगळा काढू नका, जवळीक त्यातूनच येते; 80 हर्ट्झखालचं तेवढं हाय-पास फिल्टरने छाटा. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) 3:1 वर, 4 ते 6 डेसिबल दाबेल इतपत. त्याने दबलेली अक्षरं वर येतात, पण श्वास आणि ‘स’, ‘श’ची शीळही येते. शिळेसाठी 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (नुसती शीळ दाबणारं साधन) लावा. श्वास मात्र कापू नका, नुसते हलके करा. सगळे श्वास उडवलेलं गाणं यंत्राने म्हटल्यासारखं लागतं.

प्रश्न : सिंथ (सिंथेसायझर), बेस आणि किक (ड्रमचा जाड ठोका) एवढंच आहे. रिकामं वाटतं म्हणून थर वाढवले, तर गिचमिड झाली.

उत्तर : वाढवलेले थर आधी म्यूट करा. कंटाळा बहुधा चार बारचा (आवर्तनांचा) लूप शेवटपर्यंत जसाच्या तसा फिरल्याचा असतो. कडव्यात सिंथचा वरचे स्वर छाटणारा फिल्टर 400 हर्ट्झवरून हळूहळू 2 किलोहर्ट्झपर्यंत उघडा. ध्रुवपदाआधी एक बार किक काढून टाका. कॉर्डमधले खालचे स्वरही गाळा, कारण 200 ते 500 हर्ट्झमध्ये ते गळ्याशी भांडतात. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) एकच, 30 मिलिसेकंद प्री-डिले (तो सुरू होण्याआधीची उसंत) देऊन, म्हणजे शब्द आधी स्पष्ट पोचतो आणि घुमारा मागून येतो.

प्रश्न : हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस फोनवर गायब!

उत्तर : साइन वेव्ह वापरली असेल. 45 हर्ट्झचा शुद्ध स्वर फोनच्या स्पीकरला वाजवताच येत नाही, आणि त्याच्या वर दुसरं काहीच नसतं. थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी विकृती) द्या. 90, 135, 180 हर्ट्झ आणि त्यावरचे उपस्वर तयार होतात. मूळ स्वर कान त्यांवरून ओळखतो. फेडर (आवाज कमीजास्त करणारी पट्टी) वर ढकलण्यात अर्थ नाही, त्याने नुसती हेडरूम (आवाज फाटण्याआधी उरलेली जागा) संपते.