भाऊंच्या पानावरचा गुन्हा

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. आमच्या माजी आमदारांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. विकिपीडियावर त्यांचं इंग्रजीत पान आहे. पान कसलं, सात ओळी! त्यातल्या चार त्यांच्यावरच्या गुन्ह्याच्या. कापसाच्या भावासाठी फाट्यावर रास्ता रोको झाला होता, बैलबंड्या आडव्या लावल्या होत्या, मीही होतो तिथं. भाऊंवर गुन्हा दाखल झाला, पुढं ते निर्दोष सुटले. पण पानावर मथळा काय, तर ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’. माझ्या पुतण्यानं तो मजकूर उडवला की कोणीतरी परत टाकायचा. रात्रभर हेच चाललं. शेवटी आमच्या पोट्ट्यालेच लिहायला बंदी! खरं बोलणाऱ्याचंच तोंड दाबायचं, हा कुठला न्याय जी? भाऊ तर कोर्टात जातो म्हणतात. काय करावं?

उत्तर : पुतण्याला बंदी झाली ते बरोबरच झालं. हे आधीच सांगतो, म्हणजे तुमचा राग एकदाचा होऊन जाईल. तिथं एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं की खात्याला कुलूप लागू शकतं, मग तुम्ही खरे असा की खोटे. धुऱ्यावरून वाद झाला तर मोजणीवाला येईपर्यंत कोणीच तिथं वखर घालायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही. पानाच्या वर ‘इतिहास’ म्हणून कळ असते, तिथं कोणी कधी काय बदललं ते मिनिटावारी दिसतं. मी दाबून पाहिली. पुतण्यानं गुन्हा काढताना तिथंच ‘कास्तकारांचे कैवारी’ घातलं होतं. ते दोन शब्द पाहूनच समोरचा पेटला असणार. मीही पेटलो असतो.

आता तुमच्या बाजूचं. चारही ओळी खऱ्या आहेत, तरी पान अन्यायाचं आहे. विधानसभेत बसलेल्या माणसाच्या आयुष्याचा अर्ध्याहून जास्त भाग एका दुपारच्या रास्ता रोकोनं व्यापायचा? कशाला किती जागा द्यायची, हाही तिथं नियमाचाच भाग आहे. मथळा तर सरळ कुत्सित आहे.

त्या ओळींखालची टीप मी उघडली. आधार एकच, २००९ च्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र. उमेदवारानं आपल्यावरचे गुन्हे जाहीर करावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल. मतदाराच्या हातात त्यामुळे मोठंच हत्यार आलं, त्याबद्दल वाद नाही. पण प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात रकाने आहेत ते प्रलंबित खटल्यांचे आणि झालेल्या शिक्षांचे. निर्दोष सुटलेल्याला तिथं जागा नाही. म्हणून २००९ च्या कागदावर गुन्हा दिसतो आणि २०१४ च्या कागदावरून तो नुसता नाहीसा होतो. लिहिणाऱ्यानं पुढचा कागद पाहिला नाही, किंवा पाहून मिटला.

तुम्ही म्हणाल, निकालाची नक्कल आहे ना भाऊंकडे! ती चालणार नाही. हयात माणसाबद्दल लिहिताना कोर्टाची किंवा सरकारदरबारची कागदपत्रं थेट आधाराला घेऊ नयेत, कोणीतरी जबाबदारीनं छापलेलं दाखवावं, असा तिथला दंडक आहे. मात्र हाच दंडक समोरच्यालाही लागतो. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर उभ्या असलेल्या त्याच्या चार ओळी त्याच न्यायानं लंगड्या ठरतात. पुतण्यानं हे एवढंच दाखवलं असतं तर रात्र जागावी लागली नसती.

ही कडकाई उगाच नाही आली. २००५ मध्ये जॉन सायगेनथॅलर नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांच्यावर संशय होता. साफ खोटं. पण ते चार महिने तसंच राहिलं. त्या बोभाट्यानंतर हयात माणसांच्या पानांचे नियम आवळले गेले.

छापील म्हणजे खरं, असंही समजू नका. मी शाळा सांभाळून वीस वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या बातमीत मी त्यांना ‘बी.ए.’ करून टाकलं, कारण गौरविकेत तसं छापलं होतं. त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र बारावी पास म्हणतं. आज त्यांच्या पानावर बी.ए. आहे आणि खाली आधार म्हणून माझी बातमी!

मायेपोटीही चुका होतात. दर २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला मी पोरांकडून ‘स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री’ असं भाषण पाठ करून घ्यायचो. १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न आणि शेती खातं राजेंद्रप्रसादांकडे होतं. पंजाबराव मंत्री झाले ते १९५२ च्या निवडणुकीनंतर. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून खेड्यातल्या पोरांना शाळेची दारं उघडणाऱ्या माणसाला ‘पहिले’ची गरज नव्हती. गरज आम्हाला होती.

कोर्टाचं म्हणाल तर भाऊंना थांबवा. गुन्हा दाखल झाला होता हे खरंच आहे. दावा ठोकला की आज पन्नास जणांनी वाचलेल्या ओळी उद्या जिल्हाभर छापून येतील.

पुतण्याची बंदी उठली की त्यानं पानाला नव्हे, त्याच्या चर्चापानाला, म्हणजे बदलांवर बोलायच्या जोडपानाला, हात लावावा. आपण भाऊंच्या गोटातले आहोत हे पहिल्याच ओळीत लिहावं, लपवून पुढं फजिती होते. मग मागणी अशी : मथळा काढा, चार ओळींची एक करा, आंदोलन, गुन्हा आणि सुटका तिन्ही त्यात येऊ द्या. गुन्हा पूर्ण पुसा असं म्हणू नये. तो झाला होता, तुम्हीही बंडी घेऊन हजर होतात.

आधारासाठी सुटकेची बातमी लागेल. अटक पहिल्या पानावर फोटोसकट आली असेल, सुटका आत कुठंतरी, खताच्या जाहिरातीखाली, चार बोटं. पण आली असेल. ती नेटवर नसली तरी चालते. पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक द्यायचा. तालुक्याच्या वाचनालयात जुने अंक सुतळीनं बांधून ठेवलेले असतात. दिवाळीच्या झाडलोटीआधी जा, त्यानंतर ते रद्दीत जातात. आणि निकालाचा महिना चिठ्ठीवर लिहून न्या. नुसतं ‘भाऊंची बातमी पाहिजे’ म्हणालात तर ग्रंथपालबाई पाच वर्षांचे गठ्ठे पुढ्यात टाकून जेवायला निघून जातील.