लाल सिग्नल तोडल्याचे ई-चलन मान्य नसेल तर दंड भरून मोकळे व्हावे की हरकत घ्यावी?

तुमच्या प्रश्नातील हकीकत मला समजली ती अशी: पुण्यातील एका चौकातून कार नेताना तुम्ही थांबारेषा ओलांडली तेव्हा दिवा पिवळा होता. तरीही बारा दिवसांनी लाल सिग्नल तोडल्याबद्दल ५०० रुपयांच्या ई-चलनाचा संदेश मोबाइलवर आला. चलनासोबत एकच छायाचित्र आहे आणि त्यात तुमची गाडी चौकाच्या मध्यावर व समोरचा दिवा लाल दिसतो. मी वकील नाही, परंतु प्रवासी गाड्यांच्या एका लहान कार्यालयात चलने तपासणे, खरी असतील ती भरणे आणि चुकीची असतील त्यांवर हरकत घेणे हे काम माझ्याकडे असते. तुम्ही सांगता तसेच छायाचित्र असेल, तर माझ्या मते हरकत घ्यावी, पण ती कशावर घ्यायची हे नीट ठरवून घ्यावी.

पहिली गोष्ट म्हणजे, हरकत घ्यायची असेल तर दंड आधी भरू नका. “आधी भरून टाकू, मग परत मागू” असा विचार पुष्कळ जण करतात आणि तिथेच प्रकरण हातातून जाते. चलनाची रक्कम ही कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार ते भरून गुन्ह्याची तडजोड झाली की पुढील कार्यवाही थांबते, आणि त्यानंतर तुमचे म्हणणे ऐकून घेण्याचे कारण कोणालाच उरत नाही. चलन पाहतानाही संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्यापेक्षा महाट्रॅफिकच्या, म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन सेवेच्या, अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन गाडीचा क्रमांक आणि चासी अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक टाकून पाहा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल (उघडताच मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून बँक खाती रिकामी करणारे लोक हल्ली फार झाले आहेत. सरकारी चलन कधीही एपीके फाइल म्हणून येत नाही.

चलन उघडल्यावर रकमेआधी कलम वाचा. सिग्नलच्या चलनांवर बहुधा याच अधिनियमाचे कलम ११९ (सिग्नल पाळण्याचे बंधन) सह १७७ (दंडाची तरतूद) असते. त्यात पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हे कलम १८४ मधील धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येतही आले आहे, आणि त्या कलमाखाली पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय कलम २०६ खाली परवाना जप्त करून निलंबनासाठी पाठवता येतो. तुमचे चलन ५०० रुपयांचे आहे, म्हणजे ते १७७ खालचे असणार. एवढ्या रकमेसाठी खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल, आणि ज्याने खरोखर लाल दिवा ओलांडला आहे त्याला मीही तेच सांगतो. परंतु आज निमूटपणे मान्य केलेले चलन पुढच्या वेळी “दुसरा गुन्हा” ठरवण्याच्या कामी येते, हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

आता छायाचित्राकडे वळू, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे असते. लाल सिग्नल तोडणे म्हणजे दिवा लाल झाल्यानंतर थांबारेषा ओलांडणे. दिवा लाल असताना चौकात असणे हा गुन्हा नव्हे. पिवळ्या दिव्यावर रेषा ओलांडलेली गाडी चौकाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत दिवा लाल होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या क्षणी मागून टिपलेले छायाचित्र खऱ्या सिग्नल तोडणाऱ्याच्या छायाचित्रासारखेच दिसते. म्हणूनच गुन्हा दाखवायचा तर किमान दोन चित्रे लागतात: एकात दिवा लाल आणि गाडीची पुढची चाके रेषेच्या अलीकडे, दुसऱ्यात तीच गाडी रेषेच्या पलीकडे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते, म्हणजे रेषेपासून चौकाच्या मध्यापर्यंत यायला तिला दोन-तीन सेकंदही पुरतात. एकट्या चित्रातून त्या दोन-तीन सेकंदांपूर्वी दिवा कोणता होता हे सिद्ध होत नाही. तुमच्या हरकतीचा गाभा हाच असला पाहिजे.

छायाचित्र मोबाइलवर न पाहता संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहा. चित्रावर छापलेली वेळ सेकंदांसह आहे का, थांबारेषा चित्रात दिसते का की ती पुसली गेली आहे, दिसणारा लाल दिवा तुमच्याच रस्त्याचा आहे का, हे एकेक करून तपासा. शेवटचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. अनेक चौकांत सरळ जाणाऱ्यांसाठी हिरवा आणि उजवीकडे वळणाऱ्यांसाठी लाल बाण एकाच वेळी लागलेले असतात, आणि तिरक्या कोनातून काढलेल्या चित्रात भलताच दिवा समोर येतो. डावीकडे वळत असाल तर तिथे डावे वळण मोकळे असल्याची पाटी आहे का, तेही पाहावे. पाटी नसताना लाल दिव्यावर डावीकडे वळण्याची मुभा गृहीत धरता येत नाही, “सगळेच वळतात” हे कारण म्हणून चालत नाही.

पिवळ्या दिव्याविषयी मात्र सावधपणे लिहा. पिवळा दिवा हा वेग वाढवून निसटून जाण्याचा इशारा नाही. तो थांबण्यासाठी असतो, आणि रेषेच्या इतक्या जवळ आल्यावर लागला की सुरक्षितपणे थांबता येणार नाही, तरच पुढे जाणे योग्य ठरते. त्यामुळे “पिवळा होता म्हणून मी गेलो” एवढेच लिहिल्यास वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात कबुलीचा वास येतो. पिवळा लागला तेव्हा गाडी रेषेपाशी पोहोचली होती आणि मागे वाहने असल्यामुळे अचानक ब्रेक लावणे धोक्याचे होते, ही वस्तुस्थिती असेल तर ती तशीच नोंदवावी. नसेल तर जुळवून लिहू नये.

इतर कारणे तुमच्या प्रकरणात नाहीत, तरी हे उत्तर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडीच आपली नसेल तर काम सर्वांत सोपे. आमच्या एका टेम्पो ट्रॅव्हलरवर आलेल्या चलनाच्या चित्रात पांढरी छोटी कार होती. तिच्या पाटीवरील एमएच १४ कोणीतरी एमएच १२ असे भरले होते, पुढचे आकडे योगायोगाने जुळत होते. आरसीची प्रत आणि आमच्या गाडीचे छायाचित्र जोडल्यावर ते चलन रद्द झाले. उलट, दुसऱ्या एका चालकाने रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी पुढे गेलो असे सांगितले, पण चित्रात त्याच्या मागचा रस्ता पार मोकळा दिसत होता आणि ती हरकत फेटाळली गेली. रुग्णवाहिकेचे कारण एरवी भक्कम आहे, कारण वाट न दिल्यास कलम १९४-ई खाली १०,००० रुपयांचा दंड आहे, पण ती रुग्णवाहिका चित्रात, डॅशकॅमवर (गाडीत पुढे बसवलेल्या कॅमेऱ्यावर) किंवा निदान एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसली पाहिजे. पोलिसाने हाताने गाड्या पुढे काढल्या असतील तर कलम ११९ मुद्दाम वाचावे: सिग्नलचे आणि वाहतूक नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे, अशा दोघांचेही निर्देश पाळण्याचे बंधन त्यात एकाच वाक्यात घातले आहे. गाडी विकूनही चलन जुन्या मालकाला येत असेल, तर कलम ५० खालची हस्तांतराची माहिती आरटीओला दिल्याचा पुरावा, म्हणजे नमुना २९ ची पोच, जोडावी. ती दिली नसेल तर आधी आरटीओचे काम उरकावे.

हरकत नोंदवण्यासाठी महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. तिथे चलन क्रमांक, कारण आणि कागदपत्रे देता येतात. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा आणि हीच तक्रार शहराच्या वाहतूक शाखेत लेखी देऊन पोच घ्यावी. चलनावर जी मुदत दिलेली असेल तिच्या आत हे करावे. मजकूर लांबवू नये. हे वाचणाऱ्या अंमलदारापुढे अशा तक्रारींचा ढीग असतो आणि पहिल्या तीन-चार ओळींत तपासता येण्याजोगी गोष्ट सापडली नाही, तर उत्तर ठरावीक साच्यातले येते. तुमच्या जागी मी साधारण असे लिहीन:

“विषयांकित चलनासोबत एकच छायाचित्र उपलब्ध असून त्यात माझे वाहन थांबारेषा ओलांडून चौकाच्या मध्यावर आलेले दिसते. दिवा लाल झाल्यानंतर वाहनाने थांबारेषा ओलांडली, हे सदर छायाचित्रावरून स्पष्ट होत नाही. दिवा लाल असताना वाहन रेषेच्या अलीकडे असल्याचे छायाचित्र किंवा त्या वेळचे चित्रीकरण उपलब्ध असल्यास त्याची प्रत मिळावी. तसे उपलब्ध नसल्यास सदर चलन रद्द करावे, ही विनंती.”

यात राग नाही, पोलिसांवर आरोप नाही, आणि “मी गेली वीस वर्षे गाडी चालवतो” छापाचे काही नाही. डॅशकॅमचे चित्रीकरण असेल तर त्याचा उल्लेख करा, मात्र आधी त्याचे घड्याळ बरोबर आहे का ते पाहा. चौकातील एखाद्या दुकानाचा किंवा सोसायटीचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून असेल तर आजच जाऊन विनंती करावी, कारण अशा यंत्रांवर जुने चित्रीकरण पुसून नवे चढत राहते.

चित्र कशाने टिपले, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. चौकातील स्वयंचलित कॅमेरा असेल तर ११ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ लागू होतो. पुण्यासारखी दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे त्यात येतात. यंत्राला राज्य शासनाच्या नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेऱ्याची सूचना देणारे फलक असावेत, आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असे तो नियम सांगतो. तुम्हाला संदेश बाराव्या दिवशी मिळाला आहे, म्हणून उशिराचा मुद्दा तुम्हाला उपलब्ध नाही, तो उगाच घालू नका. चित्र एखाद्या अंमलदाराने मोबाइलवर काढलेले दिसत असेल, तर जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून चलन करण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले होते, त्याचा दाखला देता येतो. नुसत्या त्या कारणावर मी विसंबणार नाही, पण आधीच्या मुद्द्याला त्याने वजन येते.

हरकत फेटाळली गेली तर दोन वाटा उरतात. एक, दंड भरणे. दुसरी, न भरता न्यायालयात बाजू मांडणे. प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे चलनांसाठी ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात, गेले असेल तर त्या संकेतस्थळावर दंड भरणे किंवा खटला लढवणे असे पर्याय येतात, आणि लढवण्याचा पर्याय निवडल्यास प्रकरण त्या हद्दीतील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, आणि इलेक्ट्रॉनिक चित्रासोबत कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मागता येते. पूर्वी ते पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. ५०० रुपयांसाठी कामाचे दिवस मोडून तारखांना जाणे परवडते का, याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावा. माझा स्वतःचा कल असा की पुरावा हातात असेल तर जावे, नुसती खात्री असेल तर जाऊ नये.

लोकअदालतीची नोटीस आली तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. लोकअदालत तडजोड घडवते, ती निर्दोषत्व ठरवत नाही. शिवाय “लोकअदालतीत निम्मा दंड माफ” हे दर काही महिन्यांनी फिरणारे संदेश पाहून थांबून राहू नका. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तशी सवलत सरकारी आदेशाने दिली होती, तिचा महाराष्ट्रातील तुमच्या चलनाशी संबंध नाही. काहीच न करता बसून राहणेही बरे नव्हे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे, ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मधील तरतूद दाखवून काही जण चलन आपोआप मरेल असे सांगतात. पण न्यायालयाची मुदत संपली म्हणून पोर्टलवरची थकबाकी पुसली जात नाही, आणि गाडी विकताना किंवा ना-हरकत प्रमाणपत्र काढताना तीच आडवी येते.

चलन रद्द झाल्याचा संदेश आला, तरी आठवड्याभराने पोर्टलवर पुन्हा पाहा आणि थकबाकी शून्य दाखवणारे पान तारखेसह जपून ठेवा. रद्द झालेले चलन एका ठिकाणी निघून दुसऱ्या नोंदीत तसेच राहिलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा तक्रार क्रमांक व ते पान हाताशी असले की काम एका फेरीत होते.