दाखल्यावरची तारीख आणि माणूस गेल्याची वेळ

तुमचे लिखाण काल रात्री वाचले. पत्नी मेंदूमृत झाल्यावर तुम्ही अवयवदानाला संमती दिलीत, तीन आठवड्यांनी मृत्यूचा दाखला हाती आला, त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख निघाली, आणि ती पाहून बारावीतल्या मुलीने विचारले, ‘म्हणजे तुम्ही सही केलीत तेव्हा आई जिवंत होती?’ जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईने मला विचारला होता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. जे लिहिते आहे ते एका बहिणीने कागदपत्रांमागे फिरताना शिकलेले आहे, तेव्हा तुमच्या गावच्या जाणकाराला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

माझा धाकटा भाऊ अठ्ठावीस वर्षांचा होता. पुणे-बेंगळुरू महामार्गावर त्याच्या दुचाकीला अपघात झाला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत्यूची पहिली चाचणी केली, ती दुपारी पावणेतीनला. दुसरी रात्री सव्वानऊला झाली. अवयव काढण्याची शस्त्रक्रिया पहाटे सुरू होऊन सकाळी आठच्या सुमारास संपली, आणि दाखल्यावर तारीख पडली ती त्या सकाळची. माझ्या दृष्टीने तो आदल्या रात्री सव्वानऊला गेला होता. कागदाच्या दृष्टीने तो अवयव काढून झाल्यावर गेला.

मात्र सगळा दोष कागदावर टाकणे खरे होणार नाही, कारण मूळ चूक माझी होती. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावीच होती. रात्री दहाला मी तिला फोन केला आणि म्हणाले, ‘आई, तो आता फक्त मशीनवर आहे. वाचण्याची आशा नाही. अवयव द्यायचे का, असे डॉक्टर विचारताहेत.’ तिला धक्का कमी बसावा म्हणून मी हे शब्द निवडले. आज ती तिन्ही वाक्ये मला खटकतात. ‘मशीनवर आहे’ म्हटले की तो आहेच. ‘आशा नाही’ हे जिवंत माणसाबद्दलच बोलतात. आणि त्याला लागूनच अवयवांचे विचारले, तेव्हा तिने ऐकले ते एवढेच, की मुलगा अजून आहे आणि ही त्याचे अवयव मागते आहे. ‘तुला योग्य वाटेल ते कर,’ म्हणून तिने फोन ठेवला. डॉक्टरांनी मला ‘ते गेले आहेत’ असे स्पष्ट सांगितले होते. ते वाक्य मी आईपर्यंत पोहोचवलेच नाही.

दाखला मी न वाचताच कपाटात ठेवला. वर्षश्राद्धाच्या वेळी गुरुजींनी तिथी विचारली, आईने दाखला काढून पंचांगाशी ताडून पाहिला आणि माझ्याकडे वळली. रात्री सव्वानऊला दशमी होती, सकाळी एकादशी लागली होती. ‘एकादशीला गेला ना तो? मग दशमीला रात्री तू कशाची परवानगी मागत होतीस?’ तिच्या हातातला दाखला थरथरत होता. माझ्याकडे उत्तर होते, पण वर्षभर उशिरा दिलेले उत्तर सबबीसारखे वाटते.

तुमच्या मुलीला द्यायचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा आहे, आणि त्यात मृत व्यक्तीच्या व्याख्येतच मृत्यूच्या दोन वाटा सांगितल्या आहेत: हृदय व श्वसन थांबून आलेला मृत्यू, किंवा मस्तिष्कस्तंभाचे, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळभागाचे, कार्य कायमचे थांबून आलेला मृत्यू, ज्याला आपण मेंदूमृत्यू म्हणतो. दुसऱ्या वाटेचे प्रमाणपत्र चार डॉक्टरांच्या मंडळाने द्यावे लागते, चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील डॉक्टर त्या मंडळात नसतात. बुबुळांवर प्रकाश टाकतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, आणि शेवटी व्हेंटिलेटर सोडवून, नळीतून प्राणवायू चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढला तरी छाती स्वतःहून एकदा तरी हलते का ते पाहतात. माझ्या भावाची हलली नाही. हृदय मात्र धडधडत राहिले, कारण ठोक्याची प्रेरणा हृदयातच निर्माण होते आणि प्राणवायू मिळत असेपर्यंत त्याला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. त्याचा हात गरम होता, लघवीची पिशवी भरत होती, आणि मध्यरात्री त्याच्या पायाचा अंगठा हललेला मी स्वतः पाहिला. अंगठ्याची ती हालचाल पाठीच्या कण्यातून होते, हे मला नंतर कळले. तुमच्या मुलीनेही असे काही पाहिले असेल, तर तिला ते आधी बोलू द्यावे आणि मगच समजावावे.

सहीबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासून पाहा. पुष्कळदा अवयवदानाचा विषय पहिल्या चाचणीनंतरच निघतो, आणि काही घरांत सहीदेखील तेव्हाच होते. तुमच्याकडे तसे झाले असेल, तर मुलीपासून लपवू नका. सही केव्हाही झालेली असो, दुसऱ्या चाचणीनंतर प्रमाणपत्र पूर्ण झाल्याशिवाय अवयव काढता येत नाहीत, आणि तिच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. तरीही माझे ठाम मत आहे की पहिली चाचणी आणि दुसरी चाचणी यांच्या मधल्या वेळात रुग्णालयाच्या कोणत्याही प्रत्यारोपण समन्वयकाने, म्हणजे अवयवदानाबद्दल घरच्यांशी बोलणाऱ्या माणसाने, अवयवांचा विषय काढू नये. आधी ‘माणूस गेला’ हे घरच्यांनी ऐकावे, त्यांना बसू द्यावे, रडू द्यावे, आणि मग दुसरा प्रश्न यावा. यामुळे काही अवयव वाया जातील असे कोणी म्हणेल. घाईने विचारल्यामुळे कायमचा दुरावलेला विश्वासही मोजायला हवा, असे मला वाटते.

मृत्यूची व्याख्या हा वादाचा विषयच नाही, असेही मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये मेंदूमृत्यूची वेळ पहिल्या चाचणीची धरतात. आपल्याकडे प्रमाणपत्र दुसरीनंतर पूर्ण होते, म्हणून दुसरीची वेळ धरणे सुसंगत आहे. जपानने 1997 च्या कायद्यात मेंदूमृत्यू हा मृत्यू मानला तो केवळ अवयव देणाऱ्यांच्या बाबतीत, आणि 2009 मध्ये तो कायदा बदलला. आपली अडचण वेगळी आहे. मस्तिष्कस्तंभ मृत्यूची व्याख्या आली ती प्रत्यारोपणाच्या कायद्यात, आणि 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली व्याख्या जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे अशीच राहिली. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाच अवस्थेतली दोन माणसे असतील, तर ज्याच्या घरचे ‘हो’ म्हणाले तो मृत आणि ज्याच्या घरचे ‘नाही’ म्हणाले तो ‘गंभीर’, असे घडू शकते. मृत्यू नातेवाइकांच्या होकारावर अवलंबून असल्यासारखे हे दिसते, आणि माझ्या आईच्या संशयाचे मूळ नेमके तेच होते. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यू प्रमाणित करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढून तो प्रश्न अवयवदानापासून वेगळा करण्याचा प्रयत्न केला. हे सगळीकडे व्हायला हवे.

आता कार्यालयांबद्दल. रुग्णालयाच्या अभिलेख विभागातल्या गृहस्थांनी मला सांगितले की हृदय थांबल्याचीच तारीख आम्ही कळवतो, वर्षानुवर्षे तशीच पद्धत आहे. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर उत्तर मिळाले की रुग्णालयाकडून जे येते तेच आम्ही चढवतो, बदल हवा असेल तर त्यांचे पत्र आणा. रुग्णालय म्हणे, कार्यालयाने लेखी मागितले तरच पत्र देऊ. कार्यालय म्हणे, आम्ही कशाला मागू? असे सहा हेलपाटे झाले. पाचव्या खेपेला खिडकीवरचे कर्मचारी म्हणाले, ‘एका दिवसाने काय फरक पडतो, बाई?’ मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाही. वारसाच्या कामात किंवा विम्यात आम्हाला त्या एका दिवसाने काहीच फरक पडला नव्हता. तो पडला होता फक्त एका आईला, आणि ते लिहायला अर्जात रकाना नसतो.

शेवटी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी मदत केली. त्यांनी नमुना 10 ची, म्हणजे मस्तिष्कस्तंभ मृत्यूच्या प्रमाणपत्राची, साक्षांकित प्रत काढून दिली. त्यावर दोन्ही चाचण्यांच्या तारखा, वेळा आणि चौघांच्या सह्या असतात. ती जोडून रुग्णालयाकडे दुरुस्तीचे पत्र मागितले, आणि मग नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज केला. चौदा महिन्यांनी नोंद दुरुस्त झाली. सुरुवातीलाच ही प्रत मागितली असती, तर बहुतेक हेलपाटे वाचले असते. तेव्हा तुम्ही थेट समन्वयकांकडे जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दरवेळी कोण काय बोलले ते तारखेसह वहीत लिहा. अपघाताची केस असेल तर पंचनाम्यावर आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर कोणती तारीख आहे तेही पाहा, नाहीतर एक दाखला सुधारताना दुसरा आडवा येतो.

जाता जाता बिलही तपासा. अवयवांसाठी देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही, असा नियम आहे. आमचे बिल त्या रात्रीच थांबले होते. एकाच रुग्णालयाच्या बिल विभागाने रात्र धरली आणि अभिलेख विभागाने सकाळ, हे मी दुरुस्तीच्या अर्जातही लिहिले होते.

आईला मी नमुना 10 वाचून दाखवला तेव्हा तिने ‘21.15’ या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, ‘हे त्या चौघांनी तू फोन करायच्या आधी लिहिले होते?’ मी हो म्हणाले. ती पुढे काही बोलली नाही. त्या वर्षापासून आम्ही श्राद्ध दशमीला करतो. मधूनमधून ती अजूनही विचारते, पण आता ‘किती वाजता गेला?’ एवढेच विचारते, आणि मी वेळ सांगते.

तुमची मुलगी मोठी आहे. प्रत मिळाली की तिच्या शेजारी बसून ती तिलाच वाचू द्या, आणि ‘आई मशीनवर होती’ हे शब्द घरात यापुढे कोणी वापरू नका. अर्जाचा मसुदा हवा असेल तर माझा जुना आहे, तो इथेच टाकीन.