उत्तर त्यालाच देऊ द्या

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. घरी तो अखंड बोलतो. परंतु पाहुण्यांनी नाव विचारले की माझ्यामागे लपतो. त्याचे वडील चूक झाली की सर्वांसमक्ष रागावतात, तर सासूबाई त्याला बुटाची नाडीसुद्धा बांधू देत नाहीत. मी मात्र ‘तू किती हुशार आहेस’ असे सतत सांगते. तरीही त्याला आत्मविश्वास का नाही?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपले पती व सासूबाई यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी मुलावरील परिणाम एकच आहे : एकीकडे चुकण्याची भीती आणि दुसरीकडे गरजच न उरणे, यांमुळे स्वतः काही करून पाहणे राहून जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६७ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांबाबत मांडलेल्या अभ्यासात कडक धाकातील मुले असमाधानी व अलिप्त, तर फारशी बंधने न घालणाऱ्या पालकांची मुले सर्वांत कमी स्वावलंबी आढळली. मायेसोबत ठाम नियम ठेवून त्यांची कारणे सांगणाऱ्या पालकांची मुले अधिक स्वावलंबी होती. आपल्या एकत्र कुटुंबांत या साऱ्या तऱ्हा एकाच मुलाच्या वाट्याला एकाच दिवशी येतात, हा भाग वेगळा.

हुशारीच्या कौतुकाचाही आधार कच्चा असतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांवरील, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्यूलर व ड्वेक या संशोधकांच्या प्रयोगांत, हुशार म्हणून वाखाणलेली मुले अपयशानंतर लवकर खचली. त्यापेक्षा ‘गाठ सुटली तरी तू पुन्हा बांधलीस’ हे म्हणणे बरे. नाडी बांधायला शिकवण्याचे काम सासूबाईंकडेच सोपवा (हा मजकूर मात्र त्यांना वाचून दाखवू नका). पतींना सांगा, की चूक एकांतात दाखवावी आणि ती कशी सुधारायची तेही सांगावे.

पाहुण्यांनी नाव विचारल्यावर ते बहुधा आपणच सांगून टाकता आणि वर ‘लाजराच आहे हो’ असेही म्हणता. दोन्ही थांबवा. कोण येणार हे त्याला आधी सांगा, पाणी नेऊन देण्याचे काम द्या आणि उत्तरासाठी थांबा. न दिल्यास विषय बदला. गणपती मंदिरात जाताना फुलांचे पैसे त्याच्या हाती द्या व फुलवाल्याशी त्यालाच बोलू द्या.

शाळेतील पहिला महिना सोडून पुढेही महिनाभर तो तेथे अजिबात बोलत नसेल, तर त्याला हट्ट समजू नका. तो चिंतेचा विकार असू शकतो. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.